दक्षिण चीन समुद्रातला एक डास

जगातल्या तमाम आरमारांना, पाणबुड्यांना, गस्तीनौकांना आणि समुद्री चाच्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, नाशकात गंगापूर रोडच्या एका गल्लीतून, दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतून इतकी वर्षे तुमच्यावर करडी नजर ठेवणारे प्राध्यापक दिगंबर यांचे दुःखद निधन झाले आहे. यापुढे मलाक्काच्या सामुद्रधुनीत कोणी कोणाचं जहाज अडवलं तर नाशकातून निषेध होणार नाही. समुद्राखालच्या तारा कोणी तोडल्या तर गंगापूर रोडवर कोणाचा चहा निवणार नाही. सर्व संबंधितांनी आपापल्या जबाबदारीवर युद्ध करावे.

हं. झालं एकदाचं. तुला हे आवडलं असतं, दिग्या. खुर्चीत मागे रेलून तू म्हणाला असतास, "विश्या, भाषा ठीक आहे, पण चाच्यांना आरमाराच्या पंगतीत बसवलंस, ही कायद्याची चूक." स्वतःच्या मरणाच्या बातमीतही तू चूक काढली असतीस. अर्थात माझी.

परवा गंगेवर, आपल्या रामकुंडावर, तुझा दहावा झाला. तिथे जे घडलं ते तू पाहिलंस की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून लिहायला बसलोय. जे घडलं ते माझ्यामुळे घडलं. आणि दुसरं कारण असं की तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल इतकं गोड बोलतायत की ऐकवत नाही. शोकसभेत तुझ्या कॉलेजातल्या कुलकर्णींनी तुला 'मृदुभाषी' म्हटलं. मागच्या रांगेत तुझे तीन जुने विद्यार्थी ओठ चावून बसले होते. त्यांच्या शेजारी चौथा मी.

मृदुभाषी! दुसऱ्याचं पुस्तक हातात आलं की तू प्रस्तावना वाचायचा नाहीस, आधी मागची संदर्भसूची उघडायचास आणि त्यात एखादं साल चुकलेलं सापडलं की तुझा चेहरा असा उजळायचा, जसा इतरांचा नातू बघून उजळतो. एका बिचाऱ्याने आयुष्यभर खपून सीमावादावर पुस्तक लिहिलं होतं. प्रकाशनाच्या समारंभात प्रमुख पाहुणा म्हणून तुला बोलावलं. तू उठलास, म्हणालास, "लेखकाचं अक्षर चांगलं असावं, कारण कंपोझिटरने फारशा चुका केलेल्या नाहीत," आणि खाली बसलास. तो माणूस नंतर कुठे दिसला नाही. मला वाटतं तो शेअर बाजारात गेला.

आपला करार मनमाडच्या शाळेत झाला होता. एकच बाक. तू मला नागरिकशास्त्राची उत्तरं सांगायचास आणि तुझ्या भूगोलाच्या वहीतले नकाशे मी काढायचो. पुढे तू प्राध्यापक झालास, मी मोजणी खात्यात लागलो, पण करार काही मोडला नाही. दिवसा मी लोकांच्या शेतांचे नकाशे काढायचो, आणि सुटीच्या दिवशी तुझ्यासाठी समुद्रांचे.

त्यावरून आपलं एक भांडण कायम चालू होतं, आणि ते तू अर्धवट टाकून गेलास, याचा मला खरा राग आहे. तू म्हणायचास, सीमा आधी कागदावर जन्माला येते. मी म्हणायचो, नाही, आधी भांडण जन्माला येतं, मग बांधावरचा दगड, मग आमच्या खात्याचा माणूस, आणि कागद सगळ्यात शेवटी. मी तुला सांगायचो, अरे, दोन सख्खे भाऊ अर्ध्या फुटाच्या बांधासाठी माझ्यासमोर एकमेकांच्या अंगावर गेलेत. तुझ्या समुद्रातही तेच चाललंय, फक्त बांध दिसत नाही. तू चष्मा पुसत म्हणायचास, "हे खेडवळ आकलन आहे, विश्या. तू साखळी ओढ." साखळी जाऊन मोजणीची यंत्रं आली, तरी मी तुझ्या लेखी साखळीच ओढत राहिलो.

आणि सुनंदावहिनी. लग्नानंतर तू त्यांना अलिबागला नेलंस. वाळूत चपला काढून ठेवल्यात, आणि समुद्रात पाय घालू देण्याआधी तू त्यांना ओहोटीची रेषा कायद्यात कुठून कशी मोजतात ते सांगायला लागलास. वहिनी मधेच म्हणाल्या, "अहो, पाणी वर येतंय." तू म्हणालास, "येत नाहीये. तुला भास होतोय." पाच मिनिटांत दोघांच्या चपला गेल्या. तेव्हा काय म्हणालास? "तू चुकीच्या जागी ठेवल्या होत्यास." हा किस्सा मला वहिनींनीच सांगितला, वीस वेळा तरी, आणि दर वेळी तू मधे तोंड घालून म्हणायचास, "पाणी उशिराच वर आलं, आपण तिथे जास्त वेळ थांबलो."

तुझ्या प्रत्येक पुस्तकाची मुद्रितं वहिनी तपासायच्या. एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "अहो, इथे सागरी मैल म्हणताय आणि आकडा किलोमीटरचा दिलाय." तू त्यांच्याकडे न बघता म्हणालास, "घोटाळा तुझ्या वाचण्यात आहे." पुस्तक छापून आलं तेव्हा त्या जागी मैलांचा आकडा होता. वहिनींनी ते पान मला दाखवलं. पान मिटलं आणि पोहे आणायला आत गेल्या. त्या दिवशी पोह्यांत मीठ नव्हतं आणि तू त्याबद्दल काही बोलला नाहीस, हे तुझ्या खात्यावरचं एक पुण्य.

आता डासाकडे वळतो.

'बारा सागरी मैल' हे तुझं गाजलेलं पुस्तक. समुद्रावर कोणाचा हक्क कुठपर्यंत, कोणत्या देशाची कोणाशी कुठे जुंपली आहे, हे नाशिकच्या वाचकाला समजेल अशा मराठीत तू लिहिलंस. ते काम मोठं होतं, यात मला शंका नाही. त्यातले आठ नकाशे माझे. पाचवा नकाशा दक्षिण चीन समुद्राचा. तिथे खडक, बेटं, भरतीत बुडणारे उंचवटे यांचा इतका सडा पडलाय की काढता काढता माझी बोटं वळली. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरून मी शेवटचे ठिपके देत होतो. डाव्या मनगटाला डास चावला. मी मारला. तो नेमका नकाशावर पडला. मी त्याला नखाने उडवला, पण डाग राहिला, पायांसकट. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने हलकेच खरवडून काढतात, तसा हा डागही वाळला की काढू, म्हणून मी तो तसाच ठेवला. मग विसरलो. सकाळी मी आंघोळीला गेलेला असताना तू स्कूटरवर आलास आणि गुंडाळी उचलून घेऊन गेलास.

प्रकाशनाच्या दिवशी, रविवारी सकाळी, वाचनालयाच्या सभागृहात मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. अध्यक्ष बोलत होते. ते बोलतच राहणार हे दिसल्यावर मी पुस्तक उघडलं. आणि वाचलं, 'नकाशा क्रमांक पाचमध्ये दर्शवलेला निनावी खडक जाणकार वाचकाच्या नजरेतून सुटू नये.'

दिग्या, पुढे चार पानं! त्या खडकाचं स्थान, त्याच्याजवळून जाणारा जहाजांचा मार्ग, आणि हे वाक्य: 'यावर अद्याप एकाही राष्ट्राने उघडपणे हक्क सांगितलेला नाही, ही बाब पुरेशी बोलकी आहे.' मग तू कायद्याचा कीस पाडला होतास. भूभागावर माणसाला वस्ती करता येत असेल तर ते बेट, आणि भोवतीच्या दोनशे मैलांतल्या संपत्तीवर त्या देशाचा हक्क. नुसता खडक असेल तर फक्त बारा मैल. दोन्ही बाजू मांडून शेवटी तू निकाल दिला होतास की इथे मनुष्यवस्ती अशक्य आहे. तुझ्या सगळ्या लेखनातलं हे एकच वाक्य जगातला कोणताही विद्वान खोडू शकणार नाही.

आता तू हे कसं केलंस, ते मला आजही कळतं. नकाशा बघितलास, ठिपका दिसला. हा तुला माहीत नसलेला खडक होता. विश्याला विचारावं, तर विश्याला माहीत असलेली गोष्ट तुला माहीत नाही असं झालं असतं. त्यापेक्षा चार पानं लिहिणं तुला सोपं गेलं.

मी हसू दाबत बसलो होतो आणि मनात ठरवत होतो की समारंभ संपला की तुला बाजूला घेऊन सांगायचं. दोघं मिळून हसू. शुद्धिपत्र लावू. मग तू बोलायला उभा राहिलास. सगळ्यांचे आभार मानलेस, अगदी खुर्च्या लावणाऱ्याचेसुद्धा. श्रोत्यांतून कोणीतरी विचारलं, "सर, नकाशे फार सुरेख आहेत, कोणाचे?" तू म्हणालास, "नकाशे आमच्या विश्याने गिरवलेत. गिरवायला डोकं लागत नाही, हात स्थिर लागतो." सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

आणि तिथेच मी ठरवलं की तो डास जगणार.

हे लिहिताना मला लाज वाटायला हवी. खरं सांगू? पहिली दोन वर्षं मला इतकी मजा आली की तेवढी आयुष्यात कशातच आली नाही. तू व्याख्यानांत त्या खडकाबद्दल बोलायचास आणि मी पहिल्या रांगेत मान डोलवायचो. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी चार पानांची नऊ झाली. तू मला म्हणालास, "त्या खडकाचा वेगळा, मोठा नकाशा पाहिजे." मी मूळ डाग भिंगाखाली धरला आणि प्रामाणिकपणे मोठा करून काढला, सहा पायांसकट. पायांचं तू काय केलंस? 'नैर्ऋत्येकडे पसरलेले सहा बारीक प्रवाळकडे.' सोंडेवर रडार बसवता येईल असा अंदाज दिलास. तिसऱ्या आवृत्तीत तिथे गोडं पाणी मिळण्याची शक्यता नाकारलीस, तीही मोठ्या खेदाने.

मजा थांबली ती सारिकामुळे.

पंचवटीत भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर तू स्पर्धा परीक्षांच्या मुलांना रविवारी शिकवायचास. मी भिंतीवर नकाशे टांगायला यायचो. ती चांदवडहून एसटीने यायची, पहिल्या बाकावर बसायची, आणि तू बोलतोस ते सगळं लिहून घ्यायची, तुझे खोकलेसुद्धा. त्या दिवशी तिने मोबाईल वर धरला.

"सर, मी उपग्रहाच्या नकाशात लय शोधला. तो खडक दिसत नाय."

वर्ग हसला, खडकाला नव्हे, 'नाय'ला. तू खडू खाली ठेवलास. मला तेव्हाच कळलं, आता कोणाची तरी कातडी निघणार.

"गाव कोणतं तुझं?"

"चांदवड."

"चांदवडला समुद्र आहे?"

"नाय सर."

"मग समुद्रात काय आहे आणि काय नाही, हे चांदवडहून ठरवायचं नाही. कांद्याचं रोप ओळखता येतं ना? तेवढं पुरे आहे तुला."

पोरं खिदळली. सारिका उभीच होती. म्हणाली, "सर, समुद्र तर नाशकात पण नाय."

आता वर्ग खरा हसला, आणि या वेळी तुला. तुझे कान लाल झाले. तू दाराकडे बोट दाखवलंस. म्हणालास, "भरतीत बुडतो तो खडक. तुझ्यासारखाच. निघ."

तिने दप्तर भरलं. जाताना तिने तुझ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, कारण पाचवा नकाशा माझ्या हातात होता. आणि मी काय केलं? नकाशा गुंडाळला. त्याला रबर लावलं. खालच्या बाजारात कोणीतरी मेथीच्या जुड्यांचा भाव ओरडत होता, तो अगदी स्पष्ट ऐकू आला. ती परत वर्गाला आली नाही. तू क्रूर होतास हे सगळ्यांनी पाहिलं. पण ती खरं बोलतेय हे तुला माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं. त्या खोलीत क्रूर दोघं होते, आणि मोठा क्रूर गप्प होता.

त्यानंतर मी तुला सांगायला चार वेळा निघालो. दर वेळी तू आधी काहीतरी बोललास, आणि मी चहा पिऊन परत आलो.

शेवटचा प्रयत्न इस्पितळात. तुझ्या नाकात नळ्या होत्या, आवाज उरला नव्हता. मनात म्हटलं, आता तू मला तोडून टाकू शकणार नाहीस, आता सांगतो. मी खुर्ची जवळ ओढली. तर तूच खुणेने मला वाकवलंस आणि कानात म्हणालास, "चौथी आवृत्ती... नकाशे नवे काढ. खडक नीट दिसला पाहिजे."

मी म्हटलं, "काढतो."

तू डोळे मिटलेस. मग पुन्हा उघडून म्हणालास, "तुझे नकाशे मी कधी तपासले नाहीत, विश्या." बस, एवढंच. त्याच्या पुढे काही तरी होतं, पण नर्स आली आणि मला बाहेर जायला सांगितलं.

ते वाक्य तेव्हापासून माझ्या मागे लागलंय. साऱ्या जगाची संदर्भसूची तपासणारा तू! सरकारांचे अहवाल तपासलेस, आरमारांचे दावे तपासलेस, बायकोने दुधाचा हिशेब सांगितला तरी तो तोंडी पडताळून बघितलास. आणि माझा ठिपका तू तपासला नाहीस. चारचौघांत म्हणालास, डोकं लागत नाही, आणि मनात माझ्या हातावर इतका विश्वास ठेवलास की एका मेलेल्या डासासाठी नऊ पानं लिहिलीस. हे तोंडाने एकदा तरी बोलायचं होतंस, गाढवा. तर मी त्याच दिवशी शुद्धिपत्र स्वतःच्या हाताने लिहिलं असतं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं. पुस्तक त्या स्वतः काढणार आहेत. तुझी शेवटची इच्छा, म्हणून एक शब्दही बदलायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. जुने नकाशे जुन्या छापखान्याबरोबर गेले, तेव्हा मला आठही नव्याने काढायचे, पाचव्याला जोडलेल्या त्या मोठ्या नकाशासकट. "भाऊजी, तेराव्याच्या आत द्या," म्हणाल्या. "छापखानेवाला थांबलाय. मला आता दुसरं काय काम आहे?" त्यांच्यासमोर तुझ्या तिसऱ्या आवृत्तीची प्रत होती, आणि त्या तिच्यावरून हात फिरवत होत्या, जसा तुझ्या पाठीवरून फिरवायची त्यांना कधी मुभा मिळाली नाही.

मी सात नकाशे काढले. पाचव्यापाशी अडलो. आधीचा डाग अपघात होता, नंतर तो मोठा केला तो सूड होता. आता मेलेल्या मित्राच्या पुस्तकात, त्याच्या बायकोच्या हातात, मला डास बेतून काढायचा होता. काढावा, तर ते पुस्तक वहिनींच्या नावाने निघणार आणि आज ना उद्या कोणीतरी हुशार पोरगी मोबाईल उघडून त्यांना हसणार. न काढावा, तर वहिनींना सांगावं लागणार की ज्या माणसापुढे तुम्ही सगळं आयुष्य गप्प राहिलात, त्याची नऊ पानं डासावर आहेत. त्या मोडून पडतील अशी मला भीती होती. मी पेन हातात घेऊन बसायचो. एकदा तर वाटलं, खरा डास मारून बघावा.

असा दहावा उजाडला.

रामकुंडावर नेहमीची गर्दी. तुझा धाकटा भाऊ मधू सोवळं नेसून पिंड घेऊन बसला होता. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. रामकुंडावरच्या कावळ्यांना भुकेची सवय नाही, ते निवडून खातात. पलीकडे मनमाडच्या एका रेल्वेतल्या माणसाचा पिंड होता, त्याला दोन मिनिटांत शिवले. मंडळी हात जोडून मोकळी झाली. तुझ्या पिंडाकडे एकही फिरकेना.

वहिनींना ते लागलं. "कालपर्यंत तिकिटं तपासणारा माणूस असेल," त्या पुटपुटल्या, "आणि त्याला लगेच शिवतो."

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. सांगा त्यांना. मोठ्याने सांगा."

मधू पुढे झाला. "दादा, वहिनीला अंतर देणार नाही." कावळा पिंपळावरच. मग कॉलेजचे कुलकर्णी, 'मृदुभाषी'वाले, घसा साफ करून म्हणाले, "सर, आपल्या नावाने दरवर्षी व्याख्यानमाला सुरू करू." कावळा पिंपळावरून उडून आणखी लांबच्या कठड्यावर गेला. तू असतास तर तूही तेच केलं असतंस.

मग वहिनी. पदर सावरून म्हणाल्या, "पुस्तक मी काढतेय. एक शब्द बदलणार नाही. तुमचा खडक जिथल्या तिथे राहील." कावळा खाली आला. दोन पावलं चालला. मान वाकडी करून त्याने पिंडाकडे पाहिलं, अगदी तू दुसऱ्याच्या पुस्तकाकडे बघायचास तसं. आणि उडून गेला.

वहिनी रडायला लागल्या. "भाऊजी, तुम्ही सांगा ना. पाचवा नकाशा झाला म्हणून सांगा. त्यांचा जीव त्यातच अडकलाय."

मी पुढे गेलो. 'काढतो, दिग्या,' एवढे दोन शब्द बोलायचे होते. तेवढ्यात पायऱ्यांवर, माणसांच्या मागे, मला सारिका दिसली. आता ती मनमाडला शाळेत भूगोल शिकवते. सकाळी रजा टाकून आली होती. मला नंतर म्हणाली, "सर कसे पण असोत काका, समुद्र मला त्यांनीच दाखवला. तो खडक मी कालपर्यंत शोधत होते. वाटायचं, मलाच बघता येत नसंल." पण ते नंतर. त्या क्षणी ती फक्त माझ्याकडे बघत होती, पंचवटीच्या वर्गात बघितलं होतं तसंच, आणि या वेळी माझ्या हातात गुंडाळायला काही नव्हतं.

"दिग्या," मी ओरडलो, "तो डास होता!"

गुरुजींनी मधूला हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण यांचे?"

"कोण डास?" कुलकर्णी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं, हात जोडून, पिंडाकडे बघत. मनगटाला चावला ते सांगितलं. ब्लेडने खरवडायचा राहिला ते सांगितलं. सहा पाय सांगितले. गिरवायला डोकं लागत नाही, हे तुझं वाक्य सांगितलं आणि त्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं गप्प बसलो तेही सांगितलं. मग मागे वळून सारिकाला म्हटलं, "पोरी, तू बरोबर होतीस. मला तेव्हाच माहीत होतं." ती एक पायरी खाली आली आणि तिथेच बसली, उन्हातून चालून आल्यासारखी.

कावळा कधी शिवला ते कोणी पाहिलंच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. पिंड फुटलेला होता एवढं खरं.

मी वहिनींकडे बघायचं टाळत होतो. शेवटी बघितलं. त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला होता आणि खांदे गदगदत होते. मधू म्हणाला, "वहिनी, खाली बसा." मी मनात म्हटलं, झालं, मोडलं मी या बाईला, तेही दहाव्याला, अख्ख्या घाटासमोर.

वहिनींनी पदर बाजूला केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्या पायरीवर ठेवलेल्या तुझ्या फोटोकडे वळल्या आणि रामकुंडाच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या,

"अगं बाई, म्हणजे चुकला होतात की हो तुम्ही!"